पक्षाघात झाला की कोणता सीटी स्कॅन, किती पैशांत?

माझ्या काकांच्या हातातून चहाची बशी सुटली तेव्हा पुणे आकाशवाणीच्या सात-दहाच्या बातम्या चालू होत्या. त्यामुळे वेळ आमच्या घरात सगळ्यांच्या पक्की लक्षात राहिली. तोंड डावीकडे ओढलं गेलं, उजवा हात लुळा पडला, शब्द जड झाले. चुलतभावाने तासाभरात त्यांना तालुक्याच्या गावातल्या स्कॅन सेंटरवर नेलं. मेंदूचा साधा सीटी झाला, अडीच हजार रुपये भरले, रिपोर्ट आला ‘नॉर्मल’. सगळ्यांना हायसं वाटलं. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून त्यांना ठेवून घेतलं. संध्याकाळी वाचा पूर्ण गेली तेव्हा पुण्याला हलवलं. तिथे पुन्हा साधा सीटी झाला, मग अँजिओग्राफी, आणि मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी धमनी गुठळीने बंद असल्याचं दिसलं. बहुधा सकाळपासूनच बंद असणार, असं डॉक्टर म्हणाले.

एकच तपासणी दोनदा झाली, ती तक्रार लहान आहे. त्या ‘नॉर्मल’ शब्दावर विसंबून आम्ही अकरा तास घालवले, ती मोठी. काका आता डाव्या हाताने जेवतात.

मेंदूची मोठी धमनी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आणि आजही डॉक्टर तोच सांगतात. म्हणून या आजारात स्कॅनची किंमत रुपयांत आणि मिनिटांत, दोन्हीकडे मोजावी लागते. स्वस्तातला स्कॅन करून पुढच्या गावी पुन्हा तोच करायला लागला तर तो सर्वांत महाग पडला. खालचे दर महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांत आणि स्कॅन सेंटरांत साधारणपणे ऐकू येणारे आहेत. शहर, मशीन आणि दिवस-रात्र यांप्रमाणे ते बदलतात. तुमच्या गावचा दर तुम्हीच विचारून घ्यायचा आहे, आणि तो आज, घरात सगळे धडधाकट असताना.

साधा सीटी: रक्तस्राव आहे की नाही

साधारण दीड ते पाच हजार रुपये. टेबलावर झोपवल्यापासून काम दोन-चार मिनिटांत होतं. शिरेतून काही सोडावं लागत नाही. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रात पहिल्यांदा रुग्णाचा स्कॅन झाला तोही मेंदूचाच होता. पक्षाघातात आजही सुरुवात याच स्कॅनने होते.

याचं पहिलं काम एकच: मेंदूत रक्तस्राव झालाय का ते सांगणं. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं, सहसा लगेच ओळखू येतं. रक्तस्राव असेल तर उपचाराची दिशाच वेगळी. नसेल, आणि लक्षणं सुरू होऊन साडेचार तास उलटले नसतील, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. ते देण्यासाठी साधा सीटी, रक्तातली साखर, रक्तदाब आणि डॉक्टरांची तपासणी एवढं बहुतेक वेळा पुरतं. पुढचा कोणताही महागडा स्कॅन होईपर्यंत हे इंजेक्शन थांबवून ठेवू नये. जगभरची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात.

पण साध्या सीटीवर धमनीच्या आतलं फारसं काही दिसत नाही. कधीकधी अडकलेली गुठळी पांढऱ्या दोरीसारखी उमटते, तज्ज्ञ डोळ्याला मेंदूच्या राखाडी-पांढऱ्या भागातली सीमारेषा पुसट झालेली कळते. पहिल्या काही तासांत मात्र मोठा पक्षाघात झालेल्या माणसाचा सीटीही स्वच्छ येऊ शकतो. म्हणजे ‘नॉर्मल’ याचा अर्थ ‘रक्तस्राव नाही’ एवढाच घ्यायचा. हात लुळा आहे आणि सीटी नॉर्मल आहे, तर ती घाई करण्याची वेळ. हे एक वाक्य आम्हाला त्या सकाळी कुणी सांगितलं असतं तर!

सीटी अँजिओग्राफी: कोणती धमनी, कुठे बंद

मेंदू आणि मान मिळून साधारण सहा ते पंधरा हजार रुपये. हाताच्या शिरेतून ६० ते ८० मिलिलिटर आयोडीनयुक्त द्रव वेगाने सोडतात आणि तो धमन्यांत पोचला की छातीपासून टाळूपर्यंत स्कॅन घेतात. अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. रुग्णाला हे आधी सांगून ठेवलं तर तो दचकून हलत नाही, आणि हलला नाही तर स्कॅन पुन्हा करावा लागत नाही.

ही तपासणी एवढी महत्त्वाची का झाली याचं कारण २०१५ हे वर्ष. नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, स्पेन इथे झालेल्या पाच चाचण्यांचे निकाल त्या वर्षी छापून आले. मोठ्या धमनीतली गुठळी जांघेतून नळी घालून बाहेर ओढली तर रुग्ण आपल्या पायावर उभा राहण्याची शक्यता बरीच वाढते, हे त्यांनी सिद्ध केलं. या उपचाराला थ्रॉम्बेक्टमी म्हणतात. त्यासाठी गुठळी मोठ्या धमनीत आहे हे आधी दिसायला हवं, आणि ते अँजिओग्राफीत दिसतं.

माझं स्पष्ट मत असं की लक्षणं ठळक असतील तर साधा सीटी आणि अँजिओग्राफी एकाच वेळी, टेबलावरून न उतरवता झाली पाहिजे. त्याने पाच-दहा मिनिटं जास्त जातात. साधा सीटी करून रुग्णाला वॉर्डात नेलं, तज्ज्ञ आले, त्यांनी अँजिओ लिहिली, पुन्हा स्ट्रेचर, पुन्हा रांग, यात तास-दीड तास सहज जातो.

दोन गोष्टी इथे पैशांच्या आहेत. पहिली: ‘ब्रेन अँजिओ’ आणि ‘नेक अँजिओ’ अशा दोन ओळी लावून काही ठिकाणी दोन बिलं होतात. द्रव एकदाच सोडलेला असतो, स्कॅन एका दमात झालेला असतो. एकत्र दर आहे का, हे विचारा. मान मात्र वगळू नका. गुठळी कुठून आली आणि नळी वर न्यायला वाट मोकळी आहे का, हे मानेच्या धमन्यांवरून कळतं. दुसरी: सलाईनची सुई. अँजिओग्राफीत द्रव सेकंदाला चार-पाच मिलिलिटर वेगाने जातो, त्याला जाड सुई लागते, हिरव्या किंवा गुलाबी टोपणाची, शक्यतो उजव्या हाताच्या कोपराच्या वळणात. आधीच्या दवाखान्यात मनगटावर निळी बारीक सुई लावली असेल तर स्कॅनच्या दारात ती बदलण्यात वेळ जातो. ही सुई (इंट्राकॅथ) लावतानाच सिस्टरना ‘पुढे अँजिओ होणार आहे’ असं सांगून ठेवा.

मूत्रपिंडाची भीती बऱ्याच कुटुंबांना अडवते. मूत्रपिंडाचा आजार पूर्वी कधी सांगितलेला नसेल तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी अँजिओग्राफी थांबवू नये, असंच मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलं आहे. आजार असेल, डायलिसिस चालू असेल किंवा पूर्वी अशा द्रवाने अंगावर पित्त उठलं, धाप लागली असेल, तर ते आपणहून आणि आधी सांगा.

तीन टप्प्यांची अँजिओग्राफी

याबद्दल रुग्णांच्या नातेवाइकांना जवळजवळ काहीच माहीत नसतं, आणि पैशांच्या मानाने सर्वांत जास्त फायदा इथे आहे. म्हणून जरा थांबून सांगते.

शेतात मुख्य पाट गाळाने बुजला तर पुढचे वाफे लगेच वाळत नाहीत. शेजारच्या पाटाचं पाणी बांधाच्या फटीतून, उलट्या बाजूने, सावकाश झिरपत येतं. मेंदूतही असंच होतं. मुख्य धमनी बंद पडली की शेजारच्या धमन्यांच्या बारीक फांद्यांमधून रक्त आडवाटेने पोचतं. या आडवाटा चांगल्या असतील तर मेंदूचा तो भाग काही तास तग धरतो, नसतील तर तासाभरातच बराच भाग जातो. एकाच वेळी लक्षणं सुरू झालेल्या दोन रुग्णांची गत वेगवेगळी का होते, याचं मोठं कारण हे आहे.

नेहमीची अँजिओग्राफी म्हणजे एकच फोटो. पाणी सोडल्या सोडल्या फोटो काढला तर लांबचे वाफे कोरडेच दिसणार, कारण झिरपणारं पाणी तिथे अजून पोचलेलंच नाही. मग ‘आडवाटा नाहीत, मेंदू गेला’ असा चुकीचा अंदाज निघू शकतो. गुठळीही आहे त्यापेक्षा लांब वाटते. यावर कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉक्टरांनी उपाय काढला आणि बिजॉय मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१५ साली प्रसिद्ध केला: द्रव एकदाच सोडायचा आणि सुमारे आठ-आठ सेकंदांच्या अंतराने तीन फोटो घ्यायचे. पहिला छातीपासून टाळूपर्यंत, पुढचे दोन फक्त डोक्याचे. कोणत्या वाफ्यात पाणी वेळेवर आलं, कुठे उशिरा आलं आणि कुठे आलंच नाही, हे तीन फोटो शेजारी ठेवले की दिसतं.

यात जास्तीचा द्रव लागत नाही, वेगळी सुई लागत नाही, वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही. वेळ अर्धा मिनिटही वाढत नाही. क्ष-किरण थोडे वाढतात. त्यामुळे तीन टप्पे घेतले म्हणून दुप्पट बिल लावण्याचं कारण मला दिसत नाही. काही ठिकाणी नेहमीच्या अँजिओच्याच दरात करतात, काही ठिकाणी थोडे जास्त घेतात. बऱ्याच ठिकाणी मशीन सक्षम असूनही सवय नसल्याने करत नाहीत. ‘मल्टिफेज’ म्हणजे हीच तीन टप्प्यांची अँजिओ; ‘मल्टिफेज करता का?’ एवढा प्रश्न फोनवर विचारला तरी त्या रुग्णालयात पक्षाघाताचं काम किती मुरलेलं आहे, याचा अंदाज येतो.

परफ्युजन: कधी हवा, कधी नको

सीटी परफ्युजन वेगळा आकारला तर साधारण पाच ते बारा हजार रुपये. अँजिओसह पॅकेज पंधरा-वीस हजारांच्या पुढे जाऊ शकतं. यात आणखी ४०-५० मिलिलिटर द्रव सोडतात आणि मिनिटभर डोक्याचा तोच भाग पुन्हा पुन्हा स्कॅन करतात. प्रत्येक वाफ्यात किती पाणी, किती वेगाने गेलं, याचा हिशेब संगणक मांडतो आणि रंगीत नकाशा देतो: इतका भाग मेलेला, इतका अजून वाचवण्यासारखा.

नकाशा फार आकर्षक असतो. नातेवाइकांना तो दाखवला की खर्च योग्य वाटतो. पण तो मोजलेला अंदाज आहे, आणि रुग्ण हलला, हृदयाची पंपिंग कमी असली, मानेतली धमनी जुन्या चरबीने अरुंद असली, तर तो चुकतो. छोट्या, खोलवरच्या पक्षाघातात बरेचदा काहीच दाखवत नाही. मशीनचीही मर्यादा आहे. ६४ स्लाइसच्या मशीनचा पट्टा साधारण चार सेंटिमीटरचा, म्हणजे एका वेळी मेंदूचा एक काप. ३२० स्लाइसचं मशीन १६ सेंटिमीटर, म्हणजे अख्खा मेंदू झाकतं आणि त्याच माहितीतून डोक्याच्या धमन्यांचं चलचित्रही काढून देतं, मान मात्र त्यात येत नाही. १६ स्लाइसच्या मशीनवर परफ्युजनचा आग्रह धरू नये, अँजिओ तिथेही बऱ्यापैकी होते.

याची खरी गरज असते ती उशिरा आलेल्या रुग्णाला. झोपेतून उठतानाच हात लुळा होता, किंवा कधी झालं हे कुणीच पाहिलं नाही, अशांसाठी. २०१८ साली छापून आलेल्या डॉन आणि डिफ्यूज-३ या दोन चाचण्यांनी सहा तासांनंतरही, निवडक रुग्णांत अनुक्रमे २४ आणि १६ तासांपर्यंत, गुठळी काढून फायदा होतो हे दाखवलं. ती निवड परफ्युजनने किंवा एमआरआयने केली होती. तेव्हापासून ‘उशीर झाला म्हणजे परफ्युजन हवाच’ असा समज झाला. पुढे २०२३ साली नेदरलँड्सच्या मिस्टर क्लीन-लेट या चाचणीत सहा ते चोवीस तासांतले रुग्ण फक्त अँजिओग्राफीतल्या आडवाटा पाहून निवडले, आणि त्यांनाही फायदा झाला. म्हणून परफ्युजन नसलेल्या रुग्णालयाने ‘उशीर झाला, आता काही करता येत नाही’ असं सांगितलं, तर आडवाटा पाहिल्या का, हे विचारायला हरकत नाही. पहिल्या सहा तासांत आलेल्या, मोठी धमनी बंद असलेल्या रुग्णाचा निर्णय साधा सीटी आणि अँजिओवर सहसा होऊ शकतो.

क्ष-किरणांबद्दल. साध्या मेंदू सीटीत साधारण दोन मिलिसिव्हर्ट किरणं मिळतात, वर्षभरात निसर्गातून मिळतात जवळपास तेवढीच. परफ्युजनमध्ये त्याहून जास्त, आणि एकाच जागी. २००९ साली लॉस एंजेलिसमधल्या एका रुग्णालयात मशीनची मांडणी चुकल्याने दोनशेहून अधिक रुग्णांना ठरल्यापेक्षा सुमारे आठपट मात्रा गेली, काहींचे केस गळाले, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला देशभर इशारा द्यावा लागला. नीट लावलेल्या मशीनवर ही भीती नाही. पण गरज नसताना ‘सगळंच करून टाका’ म्हणू नये, हे यातून घ्यावं.

आणि ‘थेट एमआरआयच करा ना’ या सल्ल्याबद्दल: एमआरआयला साधारण वीस मिनिटं लागतात, अंगातल्या धातूची चौकशी लागते, सहा ते बारा हजार लागतात, आणि रात्री मशीन चालू असतंच असं नाही. त्याची जागा आहे, विशेषतः वेळ माहीत नसलेल्या किंवा शंकास्पद रुग्णात. पहिल्या तासात बहुतेक ठिकाणी सीटीच जलद.

बिल कसं वाचायचं

जाहिरातीतला दर आणि हातात येणारं बिल यांत फरक पाडणाऱ्या ओळी ठरलेल्या आहेत: द्रवाची बाटली, इंजेक्टरची सिरिंज, इंट्राकॅथ, रात्रीचा किंवा तातडीचा जादा आकार, फिल्म, सीडी, आणि रुग्ण अस्वस्थ असेल तर भूलतज्ज्ञांची फी. ‘सगळं धरून किती?’ असंच विचारा. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते.

फिल्म एक वेळ नसली तरी चालेल, सीडी किंवा मोबाइलवर येणारी लिंक मात्र हवीच. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाहून तज्ज्ञाला धमनीबद्दल खात्रीने बोलता येत नाही. मूळ चित्रं पुढे पोचली तर पुढच्या रुग्णालयात गाडी यायच्या आधी निर्णय होऊ शकतो, आणि सगळे स्कॅन पुन्हा करावे लागत नाहीत. मधे बरेच तास गेले किंवा तब्येत खालावली तर साधा सीटी पुन्हा करणं योग्य असतं, ते पैसे वाया गेले असं समजू नका.

स्कॅनच्या पुढचा खर्चही डोक्यात असू द्या. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची किंमत औषध आणि रुग्णाच्या वजनाप्रमाणे पंचवीस हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत जाते. थ्रॉम्बेक्टमी खासगीत तीन-चार लाखांच्या पुढे, मोठ्या शहरांत सहा-सात लाखही. एवढे पैसे उभे करायचे असतील तर कुटुंबाला तासभर तरी लागतो, आणि तो तास स्कॅन चालू असतानाच सुरू व्हायला हवा. आरोग्य विमा असेल तर कार्डाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे रुग्णालयाची कॅशलेसची विनंती आल्यापासून तासाभरात कंपनीने निर्णय द्यायचा आहे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. ससून, जे. जे. यांसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची आणि केईएम, नायर, सायन यांसारखी महापालिकेची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत. तिथे पैसे लागतात, पण खासगीपेक्षा बरेच कमी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि पक्षाघाताचे कोणते उपचार तिथे बसतात, हे तिथल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारता येतं. शिधापत्रिका आणि आधार बरोबर लागतं. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे.

फोन आजच करा

जवळच्या दोन-तीन रुग्णालयांना एखाद्या निवांत दुपारी फोन करा. सीटी चोवीस तास चालू असतो का, रात्री तंत्रज्ञ आवारात असतो की घरून येतो? अँजिओ त्याच वेळी करता का, रात्री ती कोण वाचतं? गुठळीचं इंजेक्शन तुमच्याकडे शिल्लक असतं का, की नातेवाइकांना बाहेरून आणायला सांगता? थ्रॉम्बेक्टमी इथे होते की पुढे पाठवता, आणि कुठे? सीटी नसलेल्या दवाखान्यात ‘आधी दाखवून येऊ’ म्हणून थांबण्यात वेळ जायला नको. लकव्याचं औषध देणाऱ्या गावी जाणं तर त्या दिवशी मुळीच नको. आणि स्कॅन होण्याआधी घरातली अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर ती घातक ठरू शकते. पाणीही पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं.

आमच्या घरी आता फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर वरच्या प्रश्नांची उत्तरं मिळालेल्या दोन रुग्णालयांचे फोन, १०८, घरातल्या तिघा ज्येष्ठांची वजनं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोण घेतं त्याचं नाव, आणि शेवटी एक रिकामी चौकट: ‘धडधाकट असताना शेवटचं कधी पाहिलं?’ डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. चौकटीला दोऱ्याने पेन बांधलेलं आहे, ते काकांनी बांधून घेतलं.